धर्मेंद्रनं गाडी रुंद केली

हौसेला मोल नसतं असं जो कोणी म्हणून गेला, त्यानं वाइडबॉडीचं एस्टिमेट पाहिलेलं नसणार. बालाघाटच्या धर्मेंद्रनं पाहिलं होतं. रोज पाहत होता. सिमेंट-लोखंडाच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि याचा डोळा मोबाइलवर. गोंदियाच्या गॅरेजवाल्या अश्विननं सगळं समजावून पाठवलं होतं: स्पोर्ट्स कारचे चारही मडगार्ड कापायचे, त्या जागी फायबरचे फुगीर गाल बसवायचे, खाली पाटासारखे रुंद टायर घालायचे, सायलेन्सर असा की कान्ह्यातला वाघ जागा व्हावा, आणि वरून नवा रंग. एकूण साडेसहा लाख. एवढ्यात माणसाची बॉडीसुद्धा नवी होऊन निघते, पण तिचे रील कोण बघणार?

गाडी खरं तर धर्मेंद्रची नव्हतीच. ती त्याच्या बापाची, फकिराची. फकिरानं अख्खी नोकरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत साहेब लोकांच्या गाड्या चालवण्यात घालवली. त्यातल्या एका साहेबाकडं ही होती, परदेशातली, पन्नास वर्षांपूर्वीची, दोन दारांची, लाल. साहेबाची बदली झाली तेव्हा ती बंद पडून होती. "तूच ठेव" म्हणून तो कागद फकिराच्या नावावर करून गेला, आणि फकिरानं खपून खपून ती चालू केली. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या पुसलेल्या माणसाची ही एवढी एकच गाडी. आता काचबिंदूनं म्हाताऱ्याची नजर पार गेली होती. तरी रोज सकाळी बुद्धवंदना झाली की तो फडकं घेऊन गाडीपाशी जायचा आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत हात फिरवत पुसून काढायचा. दिवसाचं काम त्याला तेवढंच उरलं होतं, आणि त्यात तो खूश होता.

धर्मेंद्र खूश नव्हता. वॉर्डातल्या राजेंद्रनं आपल्या जीपला मोठे टायर लावले, आणि चौदा एप्रिलच्या रॅलीत सगळे फोटो त्या जीपचे निघाले. जयंती कोणाची, अन् लोक फोटो कशाचे काढतात, म्हणून धर्मेंद्र वर्षभर चरफडत राहिला. आपल्या गाडीचे निघाले असते तर एवढं तत्त्वज्ञान सुचलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

बायको पौर्णिमा शाळेत गणित शिकवायची. एस्टिमेट तिच्यापुढं ठेवलं, हीच त्याची चूक झाली.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," ती म्हणाली. "बरं, पैशाचं राहू द्या. मामाजीले विचारलं का?"

"त्यायले काय विचाराचं? त्यायले दिसते का?"

"म्हणूनच म्हणून राह्यली. त्यायले हातानंच दिसते. ते मडगार्ड कापले, तर मामाजीपाशी उरते काय?"

"अवं, गाडी रुंद होईन. पुसाले आणखीन जागा भेटन."

"हौ. मंग घरही पाडून टाका. झाडू माराले अंगण मोठं भेटन."

धर्मेंद्रनं खर्च तोलला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. चांगला आठवडाभर तोलला. एका पारड्यात साडेसहा लाख, परसवाड्याकडच्या प्लॉटचा हप्ता आणि आरटीओचं होऊ घातलेलं चालान; दुसऱ्या पारड्यात राजेंद्रचं पडलेलं तोंड. तोंड जड भरलं. बाप कुठल्याच पारड्यात नव्हता, कारण त्याचा भाव अश्विननं लिहून पाठवला नव्हता.

"बाबा, गाडी सर्व्हिसिंगले नेतो गोंदियाले," त्यानं सांगितलं.

"ने बेटा. डाव्या दाराले जोर नको देजो, बिजागरी नाजूक आहे," फकिरा म्हणाला.

गॅरेजात ग्रायंडर लावण्याआधी अश्विननं शेवटचं विचारलं. "भैया, एकदा कापलं का मंग वापस नाही. पक्का?"

धर्मेंद्रनं मोबाइलचा कॅमेरा चालू केला आणि म्हणाला, "पक्का." कापलेला पत्रा भंगारवाल्यानं किलोच्या भावानं उचलून नेला.

गाडी परत आली त्या दिवशी गल्लीला जत्रेचं रूप आलं. पोरं धावली, मोबाइल निघाले, राजेंद्र गच्चीवर येऊन पाहू लागला आणि त्याचं तोंड खरोखरच पडलं. पैसा वसूल. धर्मेंद्रनं दारासमोर मुद्दाम रेस दिली, इंजिन बंद केलं आणि रुबाबात उतरला.

ओसरीत खुर्चीवर फकिरा बसला होता. तो आवाज ऐकून म्हातारा लगबगीनं उठला. पायानं चपला चाचपून घातल्या, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि अंदाजानं गाडीजवळ आला. हात त्या फुगीर गालावर पडला, तसा त्यानं चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"नमस्ते साब," फकिरा अदबीनं म्हणाला. "धर्मेंद्र घर पे नहीं है. हमारी गाडी लेके गोंदिया गया है. आप बैठिए, आता ही होगा."

बाप धर्मेंद्रशी जन्मात हिंदीत बोलला नव्हता.

"बहुत धूल है साब. काँच साफ कर देता हूँ," म्हणत फकिरानं खांद्यावरचं फडकं काढलंसुद्धा.

"बाबा, मी आहो."

"तू होय?" म्हाताऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला. "कवा आला? अन् आपली गाडी कुठं ठेवली?"

पौर्णिमा दारात उभी होती. टोमणा मारायला याहून चांगली वेळ तिला मिळणार नव्हती, पण ती आत निघून गेली. धर्मेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोंदियालेच आहे बाबा," त्याच्या तोंडून निघालं. "काम बाकी आहे."

"बरं, होऊ दे निवांत." फकिरानं चाचपडत फडकं पुढच्या काचेवर ठेवलं आणि साहेबाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. "अन् तू असा उभा काहून? साहेबाले चहा-पाणी पूस ना. मी तवर त्यायची गाडी पुसतो."