नाव काढलं

सूड घ्यायचा होता, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कुणी म्हणायला नको की बाईने न्यायाचा आव आणला.

आमचं मासिक वर्षातून एकदा शाळांची तुलना छापतं. शहरातल्या पाच मोठ्या खाजगी शाळा, प्रत्येकीच्या शेवटच्या वर्गात किती मुलं होती, त्यातली किती पहिल्या दहा कॉलेजांत गेली, आणि त्याचा टक्का. तो अंक आईबाप वर्षभर जपून ठेवतात. तक्ता मी करते, गेली अकरा वर्षं, म्हणून ऑफिसात मला तक्तेबाई म्हणतात. पट्टी लावून एकेक ओळ वाचायची, शाळेने पाठवलेली नावं कॉलेजांच्या याद्यांशी ताडून बघायची, मग प्रूफ शाळेला दाखवून त्याच्यावर सही घ्यायची. सहीशिवाय माझं पान छापायला जात नाही.

या अकराही वर्षांत पहिला नंबर एकाच शाळेचा आलाय. तिथल्या मुख्याध्यापिकेला पोरं टक्केबाई म्हणतात. तक्तेबाई आणि टक्केबाई, असा विनोद आमच्या संपादकांनी एकदा केला होता आणि स्वतःच पोट धरून हसले होते. तेव्हा मीही हसले, कारण तेव्हा माझी लेक त्याच शाळेत होती.

दोन वर्षांपूर्वी दहावीत तिला गणितात अठ्ठावन्न मार्क पडले. नापास नाही, अठ्ठावन्न. टक्केबाईंनी मला बोलावून घेतलं. काचेचं टेबल, त्यावर एक कागद आणि एक पेन तयारच ठेवलेलं. भिंतीवर पितळी पाटी होती: ‘आमचे विद्यार्थी शाळेचे नाव काढतात.’

“असं बघा,” त्या म्हणाल्या, “मुलगी गोड आहे, पण शेवटच्या वर्षी तिला झेपायचं नाही. तुम्हीच नाव काढून घ्या.”

“मी का काढू? ती पास झालीय.”

“आम्ही काढलं तर दाखल्यावर तसं लिहावं लागेल. तुम्ही स्वेच्छेने काढलंत, तर दाखल्यावर डाग नको. तुमच्याच भल्याचं सांगतेय. लिहा, मी सांगते.”

आणि मी लिहिलं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर माझं पोट चालतं, पण त्या दिवशी शाळकरी पोरीसारखी मान खाली घालून, त्या सांगतील तसं लिहीत गेले. ‘माझ्या मुलीचे नाव मी स्वेच्छेने शाळेतून काढून घेत आहे.’ “स्वेच्छेने जरा ठळक लिहा,” त्या म्हणाल्या. मी तो शब्द दोनदा गिरवला. कारकुनाने गोल शिक्का मारून एक प्रत माझ्या हातात दिली. बाहेर बाकावर लेक बसली होती. तिने कागद पाहिला, माझी सही पाहिली आणि चालायला लागली.

चार महिने ती खोलीतून बाहेर आली नाही. खिडकी उघडली की म्हणायची, लाव. मग बस डेपोच्या मागे एक साधी शाळा आहे, तिथे उशिरा का होईना तिला दाखल करून घेतलं. तिथल्या गणिताच्या सरांना कुणाच्या टक्क्यांची पडलेली नव्हती. त्यांनी पोरीला पुन्हा माणसात आणलं, आणि यंदा तिला असं कॉलेज मिळालं की मी यादीतलं नाव तीनदा पट्टी लावून वाचलं.

पण माझा राग काही निवला नव्हता. टक्केबाईंचा टक्का कसा शिजतो ते मला कळलं होतं. त्यांच्या शाळेचे वार्षिक अंक मी गोळा केले. वर्गाच्या फोटोखाली नावं असतात, ती मोजली. यंदाचा वर्ग नववीत होता तेव्हा नावं एकशे बावीस. शेवटच्या वर्गात एक्याऐंशी. एक्केचाळीस पोरं मधल्या मधे स्वेच्छेने गेली होती. बाकीच्या शाळांतून गळालेली पोरं दोन नाही तर तीन.

मी तक्त्यात एक नवा रकाना आखला, ‘नववीत किती होती’, आणि संपादकांपुढे ठेवला.

“हे फोटो मोजून आणलंत?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पोरं आजारी पडतात, बदल्या होतात. यांनी काढली कशावरून? आणि तुमची मुलगी तिथे होती ना? बाई, हा सूड झाला.”

“झालाच. आकडा चुकला असेल तर दाखवा.”

“आकडा नाही हो चुकला. पण शाळेचा स्वतःचा कागद हवा हातात. नाहीतर त्या टक्केबाई मला सोलून ठेवतील.”

कागद होता माझ्याकडे. पण त्याच्यावर अक्षर माझं होतं आणि शब्द होता ‘स्वेच्छेने’. त्याने काय सिद्ध होणार, कपाळ!

आणि मग शाळेची यंदाची यादी आली. वर टक्केबाईंची चिठ्ठी होती: ‘यंदा शंभर टक्के! एक्याऐंशीपैकी एक्याऐंशी.’ मी पट्टी लावली आणि वाचायला बसले. सत्तेचाळिसाव्या ओळीवर पट्टी थांबली. तिथे माझ्या लेकीचं नाव होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं असणार ते मला लगेच कळलं. कॉलेजच्या यादीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे नववीपासूनच्या सगळ्या शाळा असतात. यांच्या कारकुनाने आपल्या शाळेचं नाव दिसेल ती ओळ उचलली होती. शेवटच्या वर्गातल्या एका पोराला पहिल्या दहांत कुठेच प्रवेश मिळाला नव्हता, त्याच्या जागी माझी लेक बसली आणि शंभर भरले. वर्ग मोजताना ती यांची कुणी नव्हती. यश मोजताना मात्र घरची झाली. चार महिने जिची खिडकी बंद होती, तिच्या जिवावर या शंभर टक्के मिरवणार होत्या! मी उठून तोंडावर पाणी मारलं. आणि खरं सांगते, आरशात मी हसत होते.

पण हे वापरायचं तर लेकीची गोष्ट चारचौघांत उघडी पडणार होती. नव्या कॉलेजात तिने कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेले तेव्हा ती जमिनीवर बसून हॉस्टेलच्या चादरींवर मार्करने आपलं नाव लिहीत होती. मी सगळं सांगितलं. ती लिहायची थांबली नाही.

“तू नको म्हणालीस तर नाही करणार,” मी म्हणाले.

“माझ्यासाठी करतेयस की तुझ्यासाठी?”

“दोघींसाठी.”

“आई, सही तू केली होतीस.” आवाज चढला नव्हता तिचा, तेच जास्त लागलं. “त्या बोलल्या ते बोलल्या. पण तू एकदासुद्धा ‘नाही काढणार’ असं म्हणाली नाहीस. मी बाहेरून ऐकत होते.”

“हो,” मी म्हणाले, “घाबरले मी.”

तिने मार्करला टोपण लावलं. “तो कागद आहे अजून?”

“आहे.”

“मग मीपण येते,” ती म्हणाली.

टक्केबाई प्रूफवर सही करायला स्वतः आल्या. शंभर टक्के होते ना, कारकुनाला कशाला पाठवतील! संपादकांच्या खोलीत त्या ऐटीत बसल्या. मी प्रूफ पुढे केलं. खाली दरवर्षीचीच ओळ होती: ‘यादीतील सर्व विद्यार्थी या वर्षी आमच्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होते.’ त्यांनी न वाचता झोकात सही ठोकली. मी शाई वाळू दिली आणि दार उघडलं. लेक आत आली.

“ही कोण?” टक्केबाईंनी विचारलं. ओळखलंच नाही त्यांनी.

“सत्तेचाळिसावी ओळ,” मी म्हणाले. “तुमची विद्यार्थिनी.”

टक्केबाईंनी यादीवर नजर टाकली, कॉलेजचं नाव वाचलं आणि फुलल्या. “अगं, वा! ये ये! शाळेचं नाव काढलंस हो!”

“मी नाही काढलं,” लेक म्हणाली. “तुम्ही माझं काढलंत.”

तिने कागद टेबलावर ठेवला. गोल शिक्का, दोन वर्षांपूर्वीची तारीख, माझं अक्षर. शेजारी टक्केबाईंची ताजी सही. संपादकांनी दोन्ही कागद जवळ ओढले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बराच वेळ वाचत राहिले.

“कारकुनाची चूक असेल,” टक्केबाई म्हणाल्या. तोंड उतरलं होतं. “ती ओळ खोडून टाका. घरचाच विषय आहे.”

“सही झालेल्या प्रूफवर खाडाखोड चालत नाही,” मी म्हणाले. “लेखी लागतं. नाहीतर दोन्ही कागद शेजारी शेजारी छापतो.”

त्यांनी संपादकांकडे पाहिलं. संपादकांनी नुसते खांदे उडवले. “तक्तेबाईंचं पान आहे, बाई. आणि तो नववीचा रकानाही यंदा जाईल, सगळ्या शाळांचा. शाळेचा कागद आता हातात आहे.”

मी मनात गणित केलं. एकशे बावीसपैकी ऐंशी, म्हणजे पासष्टच्या थोडं वर. पाच शाळांत चौथा नंबर. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते सुख तिथेच, उभ्या उभ्या, मी पोटभर घेतलं.

लेकीने एक कोरा कागद टक्केबाईंपुढे सरकवला आणि पेन उघडून हातात दिलं.

“लिहा, मी सांगते,” ती म्हणाली.

त्या लिहायला लागल्या. लेक एकेक शब्द सुटा सुटा सांगत होती, घाई न करता. ‘या विद्यार्थिनीचे नाव मी आमच्या यादीतून स्वेच्छेने काढून घेत आहे.’

पेन मधेच थांबलं. “स्वेच्छेने कशाला? चूक झाली असं लिहिते की.”

“नको,” लेक म्हणाली. “स्वेच्छेनेच लिहा, जरा ठळक. म्हणजे शाळेवर डाग नको.”

टक्केबाईंनी तो शब्द गिरवला. लेकीने वाकून पाहिलं आणि पुन्हा बोट ठेवलं. “आईने दोनदा गिरवला होता.”