सही आणि चावा

मी एक जुनी सुळ्यांची जोडी आहे. हसू नका, मित्रांनो! तुमच्या तोंडात दातांची भली मोठी रांग असेल, माझ्यात दोनच आहेत. पण मला बघून जेवढ्या किंकाळ्या फुटल्या, तेवढ्या तुमच्या अख्ख्या रांगेला बघून कधी फुटल्या आहेत का? सध्या मी एका निळ्या डबीत, पाण्यात पडून आहे. पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही. कुणी टेबलाला धक्का दिला की मी खुळखुळते, आणि नाही दिला तर मनातल्या मनात खुळखुळते. तेव्हा झाकण उघडेपर्यंत माझी कहाणी ऐकून घ्या, म्हणजे माझाही वेळ जाईल.

माझा जन्म कवळ्या बनवायच्या खोलीत झाला. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, एका कोपऱ्यात दात घासून चकचकीत करायची मोटार, आणि सगळ्यावर बारीक पांढरी भुकटी. तिथं बाबा काम करायचे. बाबा म्हणजे माझ्या लेखिकेचे वडील. पण मलाही त्यांनीच घडवलं, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. डॉक्टर मापं पाठवायचे आणि बाबा मान खाली घालून कवळ्या करायचे. माणूस कामाला वाघ, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

त्यांची मुलगी व्हॅम्पायरच्या कादंबऱ्या लिहायची. प्रकाशकांनी तिला दारात उभं केलं नाही, तेव्हा तिनं पुस्तकं स्वतःच छापून घेतली आणि भयकथांच्या मेळाव्यांत टेबल लावून स्वतःच विकायला लागली. पहिलं पुस्तक तिनं मोठ्या हौसेनं बाबांना दिलं होतं. पुढं एकदा ती त्यांच्या खोलीवर आली, तर हलू नये म्हणून मोटारीच्या एका पायाखाली तेच पुस्तक टेकू म्हणून सरकवलेलं. तिनं ते पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. बापलेकीत पुस्तकांचा विषय तेव्हापासून बंद झाला.

मेळाव्यात ती काळा झगा घालायची आणि तोंडात बाजारातले प्लास्टिकचे सुळे लावायची. एकदा एका गिऱ्हाइकाला गोष्टीची सुरुवात रंगवून सांगताना ते सुळे सुटले आणि थेट त्याच्या कॉफीच्या कपात पडले. लोक पोट धरधरून हसले. लेखिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी लाज गुंडाळून ती बाबांकडे आली.

"बाबा, मला सुळे करून द्याल? घट्ट बसणारे?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "जन्मभर माणसांना माणसाचे दात दिले. आता पोटच्या पोरीला जनावराचे द्यायचे!"

कुरकुरत का होईना, त्यांनी तिच्या दातांचं माप घेतलं. प्लास्टर ओतलं, मेणाचे सुळे कोरले, मोडले, परत कोरले. टोक असं हवं की भीती वाटावी, पण ओठ कापू नये. एवढी खटपट त्यांनी कुणा लक्षाधीशाच्या कवळीसाठीही केली नसेल. मी तयार झाले, तिच्या दातांवर चढले आणि टक्कन बसले. काय सांगू तुम्हाला! जणू मी तिथंच उगवले होते.

पण तिनं तोंड उघडलं आणि शब्दांचा नुसता चिखल झाला.

"होतंच असं," बाबा म्हणाले. "नवी कवळी बसली की जीभ बावरते. मी सगळ्यांना सांगतो, रोज मोठ्यानं वाचा. वाच काहीतरी."

तिच्या पिशवीत तिच्या पुस्तकांशिवाय दुसरं काय असणार? तिनं पहिला भाग काढला आणि वाचायला लागली. बाबा तिच्याकडे पाठ करून मोटारीवर एक कवळी घासत बसले. मधेच म्हणायचे, "श साफ आला नाही. परत." ती परत वाचायची. त्या गोष्टीत एक मुलगी होती. ती व्हॅम्पायर होते, घर सोडते आणि एका औषधांच्या दुकानात नोकरी धरते. वाचता वाचता ती मुलगी पहिल्यांदा आरशात बघते आणि तिला तिथं कुणीच दिसत नाही, अशी जागा आली. मला एकदम खोलीत शांतता जाणवली. बाबांनी मोटार बंद केली होती.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "अजून जीभ वळत नाही तुझी. उद्या ये."

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. माझी जागा पक्की झाली, तिचे शब्द काचेसारखे स्वच्छ झाले, तरी बाबांचं समाधान होईना. दर वेळी काही ना काही खुसपट निघायचं. मी तर घायकुतीला आले होते. मला बाहेर जायचं होतं, गर्दीत मिरवायचं होतं! लेखिकाही वैतागायची, पण येत राहायची.

मग सुरू झाले माझे मेळाव्यांचे दिवस. मोठमोठे हॉल, छताला टांगलेली रबरी वटवाघळं, माणसांचा लोंढा. आमचं टेबल दाराजवळ. शेजारी एक मावशी मुखवटे विकायची. तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. लेखिका एका जागी उभी राहतच नसे. पुस्तकं सरळ करायची, पुन्हा वाकडी मांडायची, टेबलाच्या पुढं जायची, मागं यायची.

"अगं, भिंगरी लागलीय का पायाला?" मावशी म्हणायची. "तू नाचलीस म्हणून गिऱ्हाईक येतंय होय?"

एकदा एका मुलीनं पुस्तक घेतलं आणि सहीच्या वेळी लेखिकेच्या पेनातली शाई संपली. मुलगी काही हटेना. म्हणाली, "सही नाही तर चावा द्या!" लेखिका हसली आणि तिनं पहिल्या पानाच्या कोपऱ्याला कचकन चावा घेतला. कागदावर माझ्या दोन टोकांच्या दोन खळग्या उमटल्या. मुलगी नाचत नाचत निघून गेली. बघता बघता आमच्या टेबलापुढं रांग लागली. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकावर सही आणि चावा अशी पद्धतच पडून गेली.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात हवा गेली. लोक माझे फोटो काढायचे. मला बघायला लांबून यायचे. पण हळूहळू मला एक गोष्ट खटकायला लागली. लोक वह्या पुढं करायचे, टोप्या पुढं करायचे, एकानं तर मनगट पुढं केलं. पुस्तकाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. दुसरा भाग निघाला तेव्हा लेखिका प्रत्येकाला विचारायची, "पहिला वाचलात?" लोक म्हणायचे, "वाचायचाय अजून. आधी चावा घ्या ना!"

आणि मग तो दिवस आला. एका माणसानं दुसरा भाग घेतला, त्यावर चावा उमटवून घेतला, हसत हसत पुढं गेला. मेळावा संपल्यावर लेखिका खुर्च्या आवरत होती, तर एका खुर्चीवर तेच पुस्तक पडलेलं. चाव्याचं पान तेवढं फाडून नेलेलं होतं. बाकीचं अख्खं पुस्तक त्यानं टाकून दिलं होतं.

लेखिकेनं ते उचललं आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मावशी जवळ आली आणि उरलेल्या खुर्च्या आवरायला लागली. लेखिकेनं मला तोंडातून काढलं. डबीत नाही, पाण्यात नाही, तसंच कोरडं झग्याच्या खिशात कोंबलं.

"लोकांना दात हवेत, मावशी," ती म्हणाली. "पुस्तक कुणालाच नको. तिसरा भाग मी लिहिणार नाही."

माझा केवढा संताप झाला! स्वतःवरच. मी खिशात किल्ल्यांबरोबर आपटत घरी आले आणि एका खणात जाऊन पडले. सुळे पाण्याविना वाळतात, मित्रांनो. वाळले की किंचित आकसतात. बाहेर तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. खिडकीपर्यंत जायची, परत यायची, लिहायच्या टेबलापाशी थबकायची आणि पुन्हा चालायला लागायची. तिला लिहिल्याशिवाय चैन पडत नव्हतं आणि लिहायचं तर नव्हतं. मी खणात आणि ती खोलीत, दोघींचीही तगमग सारखीच होती.

बाबा अधूनमधून फोन करायचे. "दात कसे आहेत? आणून दाखव एकदा. कुठं लागत असतील."

"मी आता लावत नाही, बाबा."

"लावत नाहीस म्हणूनच बिघडले असतील. घेऊन ये."

शेवटी त्यांच्या भुणभुणीला कंटाळून एका दुपारी ती मला घेऊन गेली. बाबांनी मला तिच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वाळवलेस ना! जनावराचे असले म्हणून काय झालं, दात ते दात. बस तिकडं. मी घासून देतो, तोवर वाच काहीतरी."

लेखिकेनं मोटारीकडे पाहिलं. पायाखाली लाकडाचा ठोकळा होता.

"इथं पुस्तक होतं ना?"

"घरी नेलं," बाबा म्हणाले. "वाच."

तिनं दुसरा भाग काढला आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. गोष्टीतली मुलगी आता आपल्या जुन्या घरी परत येते. पण व्हॅम्पायरला घरातल्या माणसानं आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. दार लोटलेलं आहे. आत तिचा बाप बसलेला आहे. तिला त्याचा खोकला ऐकू येतो. त्यालाही बाहेर कुणीतरी आल्याचं कळलेलं आहे. ती दारात उभी राहते आणि भाग संपतो.

लेखिकेनं पुस्तक मिटलं. मोटार एकदाही सुरू झाली नव्हती. बाबांनी मला मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की माझी टोकं त्यांच्या तळव्यात रुतली होती.

"अजून श साफ येत नाही तुझा," बाबा घसा खाकरून म्हणाले. "पुढचं वाच. त्याशिवाय कुठं लागतंय ते मला कसं कळणार?"

लेखिकेनं त्यांच्या मुठीकडे पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दात तुमच्या हातात आहेत."

बाबांनी मूठ उघडली. मी तिथं होते, अगदी कोरडी ठणठणीत. आयुष्यात पहिल्यांदाच मला अदृश्य व्हावंसं वाटलं. बाबांनी मला टेबलावर ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत पुसला.

"मला नाही बोलता येत गं," ते म्हणाले. "पण त्या पोरीला दारात किती दिवस उभं ठेवणार आहेस तू?"

लेखिका रडली. आणि मग डोळे पुसता पुसता खुदकन हसली. बाबांनी तेवढ्यात मोटार सुरू केली, म्हणजे त्यांना काही बोलावं लागू नये.

ती घरी गेली आणि लिहायला बसली. या वेळी येरझाऱ्या होत्याच, पण प्रत्येक फेरी टेबलापाशी येऊन संपायची. बाबांचे फोन येत राहिले. "काय झालं पुढं?" ते आता सरळ विचारायचे. ती म्हणायची, "छापून आल्यावर वाचा. फुकटात नाही सांगणार."

तिसरा भाग घेऊन आम्ही मेळाव्याला गेलो, तेव्हा टेबलावर नवी पाटी होती : चावा फक्त शेवटच्या पानावर, आणि फक्त वाचून आलेल्यांना. लोकांनी नाकं मुरडली. रांग पार आटली. मुखवटेवाली मावशी म्हणाली, "बाई गं, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास!" मी अस्वस्थ होऊन डबीत खुळखुळत राहिले.

आमच्यामागे एका खोक्यावर बाबा बसले होते. मेळाव्याला ते पहिल्यांदाच आले होते. सकाळी त्यांनी तिसरा भाग उघडला होता आणि तेव्हापासून मान वर केली नव्हती. कुणी किंमत विचारली तरी नाही, लेखिकेनं पाणी पुढं केलं तरी नाही. ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सारखी मागं वळून ते कुठल्या पानावर आहेत ते बघत होती.

दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा खोकं करकरलं. बाबा उठले, वळसा घालून टेबलाच्या पुढच्या बाजूला आले आणि गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. त्यांनी शेवटचं पान उघडून तिच्यासमोर धरलं. त्या पानावर बापाचं एकच वाक्य होतं : "आत ये, दार तुझ्यासाठीच लोटून ठेवलं होतं."

"मी वाचलंय," बाबा म्हणाले. "सगळं वाचलंय. आता चावा."

लेखिकेनं मला डबीतून काढलं. मी तिच्या दातांवर टक्कन बसले. तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळे एक खळगी जरा तिरकी उमटली. आजवर मी इतके चावे घेतले, पण मला अभिमान आहे तो त्या तिरक्या चाव्याचाच.

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांना पाण्यात ठेवत जा, खिशात किल्ल्यांबरोबर कोंबू नका. पुस्तकाचं पान कधी फाडू नका. आणि तुमच्या घरात कुणी काही लिहीत असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन "पुढं काय होतं?" असं तोंडानं विचारा. दातांचं निमित्त शोधत बसू नका.