दाराआडची नळी

"ट्यूबलाइटच्या फुटलेल्या नळीला झाडू लावायचा नाही, चिमणे. आधी माणसं बाहेर, पंखा बंद, खिडक्या सताड उघड्या. आत पारा असतो. दिसत नाही, म्हणून जास्त जपायचं."

वायरमन बाबांनी हे वीस वर्षांपूर्वी धाकटीला सांगितलं, तेव्हा थोरली चहा घेऊन दाराशी उभी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण शब्दन्‌शब्द काट्यासारखा रुतून बसला होता. विद्या धाकटीला मिळाली. थोरलीच्या वाट्याला कपबशा आल्या.

आता बाबा अंथरुणाला खिळलेले. औषधं, अंघोळ, कूस बदलणं थोरलीनं करायचं. त्यांचा चेहरा मात्र धाकटी आली की खुलायचा. काल तिनं त्यांच्या खोलीतली जुनी नळी काढून नवा दिवा बसवला. जाताना म्हणाली, "ताई, जुनी नळी दाराआड ठेवलीय. हात लावू नकोस हं, उद्या मी नेते."

"हात लावू नकोस म्हणे! जशी काही मी दुधखुळी," सकाळी थोरली पुटपुटली आणि मुद्दाम नळी उचलली. टोक कडीला आपटलं. फट्‌ झालं, आणि काचा नि पांढरी पूड पार पलंगापर्यंत गेली.

"काय फुटलं गं?" पलंगावरून बाबांनी विचारलं.

"नळी."

"चिमणीला फोन लाव. ती येऊन करील."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती यायच्या आत खोली लख्ख करायची, एवढंच डोक्यात. तिनं झाडू उचलला नि दोन फटकारे मारले. उन्हाच्या पट्ट्यात पूड धुरासारखी उठली, आणि बाबांना ठसका लागला. थांबेचना.

तिनं झाडू टाकून दिला. राग कुणावर, आणि भोगतंय कोण! देवा, क्षमा कर, म्हणत तिनं पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या, काचा टाळून बाबांना चाकाच्या खुर्चीत घालून बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं. पाणी पाजलं. ठसका बसेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

चांगल्या अर्ध्या तासानं ती एकटी आत गेली. हातमोजे घालून काचा जाड पुठ्ठ्यानं गोळा केल्या, पूड चिकटपट्टीनं टिपली, ओल्या कागदानं फरशी पुसली. सगळं काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. झाडूही पिशवीत बांधला.

"हे तुला चिमणीनं शिकवलं वाटतं?" ती बाहेर आल्यावर हातातली बरणी बघून बाबांनी विचारलं.

"तुम्हीच. तिला सांगत होतात, मी चहा घेऊन उभी होते."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "तिनं तर पहिल्या खेपेला माझ्यादेखत झाडूच आणला होता."

थोरलीला हसू फुटलं. फार चांगलं हसू नव्हतं ते, पण मनाला गार वाटलं.

मग तिनं स्वतःच फोन लावला. "नळी माझ्या हातून फुटली. झाडूही लावला. बाबांना ठसका लागला होता, आता बरे आहेत. काचा, पूड सगळं बरणीत बंद केलंय."

"अगं ताई! थांब, मी येते. बरणी घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावी लागते, मी देईन."

"तू बाबांपाशी बस. बरणी मी पोचवते, शब्द देते."

दुपारी धाकटी आली. आतून बाबांचं खळखळून हसणं ऐकू आलं. "चिमणे, तू म्हणजे ना..." थोरलीच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली. तिनं चपला पायांत सरकवल्या, बरणी नि झाडूची पिशवी जपून उचलली आणि दार हळूच लोटून केंद्राच्या वाटेला लागली.