फेब्रुवारीतलं पाणी

पूर्वाने वायपरचे दोन्ही दांडे उपसून बाजूला ठेवले, काचेखालची काळी जाळी उचलली आणि आतल्या खोबणीत बोट घातलं. बोट ओलं निघालं. तिने ते नाकाशी नेलं. हळद, कुजलेला झेंडू आणि वर थोडा कापराचा वास.

"काका, गाडी धुता कशी? पाइपनं?"

"धुतंय कोण? गडी फडकं मारतो कोरडं," सर्जेराव काळभोर म्हणाले. "आन् शेडात असती. पत्र्याच्या. तिच्यावर पानसुदिक पडत न्हाई."

फेब्रुवारी चालू होता. परतीचा पाऊस जाऊनही महिने लोटले होते. पूर्वाने बोट चिंधीला पुसलं आणि गप्प राहिली. गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण खोट पकडीत येत असली की ती बोलायची नाही, हे बिबवेवाडीतल्या तिच्या शेजारच्या दुकानदारांनाही ठाऊक होतं. खोट सापडली नाही, असं पूर्वा ओव्हाळने आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नव्हतं. आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाने विचारायच्या आतच ती त्याला सांगून टाकायची. इलेक्ट्रिकल इंजिनिअरची पक्की नोकरी सोडून तिने जुन्या, महागड्या गाड्यांचं हे गॅरेज टाकलं, तेव्हा वडील म्हणाले होते, "लोकांची दुखणी विकत घेतेस." घेतली होती खरी, आणि ती झक्कास चालली होती.

ही गाडी म्हणजे लांबलचक, पांढरी, जर्मन. लोणी काळभोरला जमिनीचा एक तुकडा गेला, तेव्हा सर्जेरावांनी घेतलेली. गावात त्या वेळी अशी दुसरी नव्हती. आता गाडीचं वय झालं होतं, सर्जेरावांचं तर झालंच होतं. पण स्टेअरिंगला घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात त्यांनी लागू दिला नव्हता. गाडी सकाळी उठायची नाही. दुपारी, ऊन चढलं की कधी उठायची, कधी नाही. तीन गॅरेजं झाली होती. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने स्टार्टर, तिसऱ्याने अल्टरनेटर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार. शेवटी मोठ्या मुलानेच परस्पर टोइंगची गाडी बोलावून ही इथे पाठवली होती. बरोबर सर्जेराव, आणि सर्जेरावांबरोबर त्यांची बायको सोजरबाई. त्या आल्यापासून स्टुलावर हातात हात घेऊन बसल्या होत्या.

"आज पायजे बरं का म्याडम," सर्जेराव म्हणाले. "सोमवारपास्नं नातवाला शाळेत सोडायचं माझ्याकडं हाय. सार्थकला. त्याची व्हॅन बंद झाली. हायवे वलांडून जायाचं, दुसरं कोण नेणार?"

सोजरबाईंनी मान खाली घातली.

"दिवे कुठले लागतात म्हणालात?"

"सांगितलं की मगाशी. दोन. इंजिनाचा आन् ब्याटरीचा."

पूर्वाने पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं. डॅशबोर्डवर सात दिवे लागलेले होते. उजवीकडे दोन, डावीकडे पाच, तेही लालभडक. गिऱ्हाईक अर्धंच दुखणं सांगतं, हा तिचा रोजचा अनुभव. म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

चहा आला. पोऱ्याची वाट न बघता तिने स्वतःच कप वाटले आणि सर्जेरावांचा त्यांच्या डाव्या हाताशी, अवजारांच्या पेटीवर ठेवला. सर्जेराव बोलता बोलता वळले आणि कोपराने कप उडवला.

"कुनी ठिवला हितं?"

सोजरबाई उठल्या. त्यांनी सांडलेलं पुसलं, दुसरा कप आणला आणि तो त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. चहा झाल्यावर सर्जेराव मार्केट यार्डात तात्यारावांच्या आडतीवर जाऊन येतो म्हणाले आणि रिक्षाला हात करत निघून गेले.

पूर्वा पुन्हा गाडीकडे वळली. खोबणीच्या उजव्या टोकाला, झाकणाखाली एक पेटी असते. गाडीचा सगळा मेंदू तिच्यात. तिने स्क्रू काढले, झाकण उचललं. आत ओंजळभर पाणी होतं आणि वायरींच्या टोकांवर हिरवट गंज चढला होता. म्हणजे सकाळी मेंदू भिजायचा, दुपारी शेडचा पत्रा तापला की सुकायचा. बॅटरी बदलून काय होणार, कप्पाळ.

पाणी आलं कुठून हे हळदीने सांगितलंच होतं. ते वाहून का गेलं नाही, एवढंच बघायचं होतं. काचेवरचं पाणी उतरायला खोबणीच्या दोन्ही टोकांना भोकं असतात. डावं भोक मोकळं होतं, कोरडं ठणठणीत. उजव्यात तिने तार घातली. पाकळ्या निघाल्या, तांदळाचे दाणे निघाले, हळदीचा गोळा निघाला. मग तार कशावर तरी अडली. पकडीने धरून तिने ते ओढून काढलं.

मक्याचं बुरकुंड. दाणे काढलेलं कणीस, बोटभर लांबीचं, एका बाजूने तासून निमुळतं केलेलं, वर चिंधी घट्ट गुंडाळलेली आणि चिंधीला दोरा.

पूर्वाने ते हातात फिरवून पाहिलं. तिच्या आजोळी घासलेटच्या बाटलीला अस्संच बूच असायचं. झेंडूच्या पाकळ्या वाऱ्याने जातात, तांदूळ पाण्याने जातात. पण बुरकुंड आपलं आपण चिंधी गुंडाळून घेत नाही आणि दोरा तर मुळीच बांधत नाही.

ती सोजरबाईंसमोर जाऊन उकिडवी बसली. "काकू, हे तुमचं का?"

सोजरबाईंनी बुचाकडे पाहिलं. नाही म्हणायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

"माझंच हाय," त्या म्हणाल्या. "बसवलं चांगलं व्हतं की. थेंब गळत न्हवता."

पूर्वाला हसू आलं आणि ते तिने तिथल्या तिथे गिळलं. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"दिवाळीला आरसा बसवायला आलेल्या मिस्त्रीनं पेटी उघडली तवा त्योच म्हनला, हितं पानी गेलं तर गाडी उठायची न्हाई. म्या बाजूलाच उभी व्हते. रोज सकाळी गाडीची पूजा करते, काचंवर तांब्या वतते. देवाच्या कामाला कोन आडवं येतंय?"

"पण का?"

सोजरबाईंनी फाटकाकडे पाहिलं. "त्यास्नी डाव्या अंगाचं दिसत न्हाई. दिवाळीत थेऊर फाट्याला उसाच्या ट्रॉलीला घासून गेलो. माझ्या बाजूचा आरसा फुटला, काच माझ्या मांडीवर. म्हनत्यात, ट्रॉलीवाल्यानं दिवा लावला न्हवता." त्या थांबल्या. "भर दुपार व्हती, बाई."

पूर्वाला चहाचा कप आठवला. मग डावीकडचे पाच दिवे आठवले. सातातले दोन सांगणारा माणूस अर्धं दुखणं लपवत नव्हता. त्याला उरलेले पाच दिसलेच नव्हते.

"मुलाला सांगितलंत?"

"सांगून? त्यो तोंडावर बोलंल, आन् ह्यांचा सोभाव असा. बापलेकात शबुद गेला की गेला." सोजरबाईंनी तिचं मनगट धरलं. "सोमवारपास्नं पोरगं बसनार. डाव्या बाजूलाच बसनार न्हवं का? तू येवढं म्हन की दुरुस्त व्हत न्हाई. जुनी हाय, मेली, भंगारात घाला. येवढंच म्हन."

एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. आणि नेमकं तेच वाक्य पूर्वाच्या जिभेवर आजवर कधी बसलं नव्हतं. ती उठली, हीट गन आणली आणि गरम हवेने पेटी सुकवायला लागली. वायरींची टोकं एकेक करून घासली, पुसली, पुन्हा जागच्या जागी बसवली. सोजरबाईंनी तोंड फिरवलं.

"तुला घरी लेकरू न्हाई का?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"आहे. मुलगी आहे," पूर्वा म्हणाली. "काकू, गाडी बंद पाडून माणूस थांबत नाही. मी नाही म्हटलं तर पुढच्याला सापडेल. नाही तर मुलगा नवी घेऊन देईल, आणि तिच्यात बूच कुठं घालायचं ते आपल्या दोघींना माहीत नसेल."

पूर्वालाही आपण बरोबर करतोय याची खात्री होती, असं नाही. पण हात चालू होते, आणि हात चालू असले की तिला धीर असायचा.

सर्जेराव आले तेव्हा झाकण बसलं होतं. बूच बोनेटवर तसंच पडलं होतं. तिने ते चटकन उचलून खिशात टाकलं.

"झाली का?"

"बसा, काका. किल्ली एक घर फिरवा. चालू करू नका." तिने लॅपटॉपची वायर स्टेअरिंगखाली जोडली. "गाडी चालू व्हायच्या आधी स्वतःला तपासते, सगळे दिवे लावून बघते. मी ते इथून लावून धरलेत. मोजा."

"हे काय पोरखेळ लावलाय?"

"गॅरेजची पद्धत आहे माझ्या. मोजल्याशिवाय गाडी देत नाही."

ही पद्धत त्या क्षणी जन्माला आली होती. सर्जेरावांनी टोपी मागे सारली आणि समोर पाहिलं.

"चार."

"नीट मोजा."

"चार हायेत. मला काय मोजता येत न्हाई?"

सोजरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अकरा आहेत, काका," पूर्वा म्हणाली. आवाज तिने मुद्दाम हिशोबी ठेवला.

बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याची टींटीं तेवढी ऐकू येत होती. मग सर्जेरावांनी मान हळूहळू डावीकडे फिरवली आणि दिव्यांवरच्या काचेवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. पाच. सहा. ओठ हलत होते. अकराव्या दिव्यावर बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"आता चालू करा," पूर्वा म्हणाली.

इंजिन एका फटक्यात उठलं. दिवे एकामागून एक विझले, एकही मागे राहिला नाही. अशा वेळी तिला नेहमी जो आनंद व्हायचा तो आताही झालाच. लाज वाटली तरी झाला.

"गाडीत आता काही खोट नाही," ती म्हणाली. "हमी देते. पण चालवणाऱ्याची हमी मला देता येत नाही, काका."

सर्जेरावांनी इंजिन बंद केलं. ते स्टेअरिंगवरचे आपले हात बघत बसले.

"पोराला फोन केलाय का तुमी?"

"नाही."

"हिनं काय सांगितलं?"

"काकू स्टुलावर बसल्यात सकाळपासून."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, डोळ्यांच्या अगदी समोर धरला आणि नाव शोधून लावला.

"तनुजा? सूनबाई, मी बोलतोय. रिक्षा करून बिबवेवाडीला ये, गॅरेजचा पत्ता थोरल्याला इचार. लायसन घे संगट... गाडी न्यायचीय... न्हाई, मी न्हाई. तू." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "येतंय की तुला, छोटी गाडी चालवती तशीच ही. आन् सोमवारी सार्थकचं बी तूच बघ. मला डोळ्याच्या डाक्तरकडं जायाचंय."

फोन ठेवून ते उतरले. बोनेटवर हात ठेवत, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, डावीकडचं दार उघडलं आणि बसले. त्या बाजूला ते आजवर बसले नसावेत. सीट मागे कशी सरकवायची ते त्यांना सापडेना. पूर्वाने वाकून बटण दाबून दिलं.

"ती येस्तवर बसतो हितंच," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "ते बुरकुंड द्या."

"कुठलं?"

"खिशातलं. मी फाटकातनं आलो तवा तुमी उजव्या अंगाला व्हता. उजवं दिसतंय मला."

पूर्वाने बूच काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. सोजरबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

सर्जेरावांनी चिंधीवरून अंगठा फिरवला. "माझ्याच जुन्या धोतराची हाय. काठ वळखू यायचा न्हाई व्हय मला? ही बसवत व्हती तवाच पायलं म्या, दिवाळीत." ते पूर्वाशी बोलत होते, पण आवाज तिच्यासाठी नव्हता. "रोज सकाळी किल्ली फिरवायचो. न्हाई उठली की बरं वाटायचं."

"मग गॅरेजला कशाला नेत होतात?" पूर्वाने न राहवून विचारलं.

"बंद गाडी दारात ठिवली तर गाव इचारतंय, पोरी. गॅरेजात हाय म्हनलं की कोन काय इचारत न्हाई." त्यांनी बूच सदऱ्याच्या खिशात टाकलं. "तुमी एवढ्या हुशार निघाल असं वाटलं न्हवतं."

पूर्वाने चिंधीला हात पुसले. ती वायपरचे दांडे बसवायला वळली.

सोजरबाईंनी पदर नीट केला, पिशवी उचलली आणि गाडीपाशी आल्या. त्यांचा हात आधी डावीकडच्या मागच्या दाराकडे गेला. मग त्या थांबल्या, गाडीमागून वळसा घालून पलीकडे गेल्या आणि मागच्या सीटवर उजव्या बाजूला बसल्या, सर्जेरावांना दिसेल अशा.