खिडकीआडचे शब्द

मित्रांनो, या गंजक्या डब्यात गुंडाळून पडलेली मी एक जुनी फिल्म. मूकपटांच्या काळातली, म्हणजे जन्माचीच मुकी. पॅरिसच्या एका स्टेशनावर माझे शेवटचे दृश्य टिपले गेले. आन्सेल्म नायक, ओदेत नायिका. खऱ्या आयुष्यातही ते नवराबायकोच. गाडी सुटते, फलाटावर आन्सेल्म उभा, आणि बंद खिडकीआडून ओदेत काहीतरी बोलते. त्या काळी नट तोंडाला येईल ते बोलत. पडद्यावरचे वाक्य मागाहून छापले जाई. इंजिनाच्या गोंगाटात आन्सेल्मला काहीच ऐकू आले नाही. विचारू नंतर, असे तो म्हणाला. त्याच आठवड्यात ओदेत तापाने गेली.

पुढे बोलपट आले. आन्सेल्मच्या चिरक्या आवाजाला लोक हसले. बिचाऱ्याने लेखणी धरली आणि कादंबरीकार म्हणून नावही कमावले. पण अखेरची कादंबरी एकाच वाक्यावर अडली. ओदेत काय म्हणाली होती?

शेजारची पेरीन लहानपणापासून बहिरी, ओठांवरून बोलणे ओळखणारी. एकदा ती हसत म्हणाली, "अहो लेखक महाशय, त्या सिनेमात गुडघे टेकून प्रेम कसलं मागत होता? सूप खारट झालंय म्हणत होता की!"

आन्सेल्मने तिला तडक घरी आणले, पडदे ओढले आणि कपाटात जपून ठेवलेल्या मला सिनेमाच्या यंत्रावर चढवले.

पेरीन सांगू लागली, "म्हणतेय, 'आन्सेल्म, केस किती पिकले रे तुझे!'"

तेव्हा तर त्याचे केस काळेभोर होते! त्याने मला पुन्हा फिरवले.

पेरीन पांढरीफटक पडली. "आता वेगळंच बोलतेय. 'त्या बाईला घरी पाठव. मला तुझ्याशी एकट्याशी बोलायचंय.'" शाल तिथेच टाकून ती पळाली.

त्यानंतर तो मला एकटाच पाही. ओदेत बोलत राही, त्याला अक्षर कळत नसे. "अगं, मोठ्यानं बोल ना," तो विनवी. किती वाईट वाटे मला! माझ्या कडा फाटल्या, तिच्या तोंडावर ओरखडे उठले. एका दुपारी तो माझ्यासमोर बसल्या बसल्याच गेला.

त्याच्यामागे मी जुन्या सिनेमांच्या संग्रहालयात आले. परवा तिथल्या बाईंनी मला उजेडाकडे धरले आणि त्या दचकल्या. फलाट रिकामा होता. खिडकीत दोन चेहरे होते, एकमेकांशी बोलत असलेले.

मित्रांनो, माझ्या काळची फिल्म जराशा उष्णतेनेही लगेच पेट घेते. माझ्या डब्याला ऊन लागू देऊ नका. त्यांचे बोलणे आत्ता कुठे सुरू झाले आहे.