पलीकडच्या काठावर

गाडीखाली शामाल होती आणि तिच्या शेजारी पोटावर पडलेला तोलोगोन.

अंगणात वरात आली होती. नवरदेवाच्या दोस्तांनी हौसेने हवेत बार काढले आणि दोघं एकाच वेळी तिथे घुसली. शामाल ही ताइगान जातीची कोवळी शिकारी कुत्री. तोलोगोन पन्नाशीचा, शाळेच्या भट्टीत कोळसा घालणारा माणूस. विशीच्या आत लष्कराने त्याला दक्षिणेकडच्या परक्या डोंगरांत लढायला पाठवलं होतं. तिथून तो धडधाकट परतला, असं गाव म्हणे.

"दाजी, या बाहेर! नवरी तुमच्यापेक्षा धीट निघाली!" मेहुणा शाब्दान खाली वाकून म्हणाला. लोक हसले. मग त्याला थरथरणारी शामाल दिसली आणि त्याचं हसू मावळलं. कुत्री त्याचीच होती.

"गेली ही वाया. बंदुकीला भिणारं कुत्रं पोसून काय करू? एक गोळी घालून मोकळा होतो."

"माझ्याकडे दे," तोलोगोन गाडीखालूनच म्हणाला.

"म्हणजे एका घरात दोन भित्रे?"

"शाब्दान, तोंड आवर," तोलोगोनची बायको बुरुलचा धाकट्या भावावर खेकसली. "पानगळीपर्यंत राहील ती आमच्याकडे. मग बघू."

कुत्र्यांची तोलोगोनला जाण होती. शामालला भूक लागली की तो मटणाच्या रश्श्यात भाकर कुस्करून तिच्यापुढे ठेवी आणि शेजारी उकिडवा बसे. ती खायला लागली की बुरुलचा ओढ्यापलीकडून कढईचं झाकण बडवी. कुत्रीने मान वर केली की दुसऱ्या दिवशी बुरुलचा आणखी लांब जाई. नाही केली, तर थोडी जवळ येई.

"शेजारणी विचारतात, तुझं डोकं फिरलं का म्हणून," ती म्हणायची.

"मग तू त्यांना काय सांगतेस?"

"सांगते, नवऱ्याला जेवायला बोलावतेय."

उन्हाळा सरता सरता झाकण अगदी अंगणात वाजू लागलं, तरी शामालचं तोंड भांड्यातून निघेना. आता बंदुकीची पाळी होती.

"मी हात लावणार नाही," तोलोगोन म्हणाला.

"मग मी लावते. तुम्ही भांडं सांभाळा."

भावाची बंदूक घेऊन बुरुलचा ओढ्यापलीकडच्या चिनारांमागे गेली. बार झाला. फार लांब, दबलेला. शामाल दचकली नाही. तिने फक्त शेजारी पाहिलं. तोलोगोनचे दात आवळलेले होते, बोटं मातीत रुतली होती. ते पाहून कुत्रीने शेपूट पायांत घातली आणि ती मागे सरकत गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "खोट तिच्यात नाहीये. ती माझ्याकडे बघून भितेय."

इतक्या वर्षांत बुरुलचा त्याच्या भीतीबद्दल कधीच बोलली नव्हती.

"उद्या भांड्यापाशी तू बस," तो म्हणाला. "पलीकडे मी जातो."

"अहो, जमेल?"

"इथे बसून तर जमत नाहीये."

सकाळी तो बंदूक घेऊन ओढा ओलांडून गेला. चिनाराला पाठ टेकून उभा राहिला. बायकोने हात वर केला, म्हणजे कुत्री खायला लागली होती. तोलोगोनने नळी आभाळाकडे केली, घोडा ओढला आणि तिथेच खाली बसून ओकला.

तोंड धुऊन त्याने पलीकडे पाहिलं. शामाल खात होती. बुरुलचाचा हात तिच्या पाठीवरून निवांत फिरत होता. तीस वर्षं गावाच्या थट्टेवर वरवर हसणारा तो माणूस तेव्हा एकटाच रडला. रोज तो तिथे गेला. रोज थोडा जवळ आला.

पानगळीत शाब्दान घोड्यावरून आला. त्याने शामालच्या डोक्यावरून बार काढला, तर ती उलट आनंदाने उड्या मारू लागली. शाब्दान जरा ओशाळला. "दाजी, तुम्हीही चला की डोंगरावर शिकारीला. तुमच्याच हाताखाली तयार झालीय."

"नको. भट्टी पेटवायचीय."

शामालने फाटकापाशी एकदा मागे वळून पाहिलं, आणि घोड्यामागे धावत गेली.

दुपारी दोघं ओट्यावर चहा पीत होती. कड्याकडून बार ऐकू आला. तोलोगोनच्या हातातला वाडगा हिंदकळला, चहा मांडीवर सांडला. त्याने वाडगा खाली ठेवला नाही. कान देऊन ऐकत राहिला. मागोमाग कुत्रीचं भुंकणं आलं, पुढे पुढे जाणारं.

बुरुलचाने किटली उचलली आणि त्याचा वाडगा पुन्हा भरला, अर्धाच.