सिमोनच्या सुटकेचं डुक्कर

सिमोन डालुम्पिनेस सुटून येईल त्या दिवशी कापायचं म्हणून त्याच्या बायकोनं, लुमिंगनं, एक डुक्कर पाळलं होतं. आमच्या नेग्रोस बेटावर घरचा माणूस परतला की अख्खं डुक्कर निखाऱ्यावर भाजतात. खटला इतका रेंगाळला की डुकराच्या पाठीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. खोटं वाटत असेल तर लुमिंगलाच विचारा. मी सिमोनच्या बराकीत होतो, भेटीला यायची तेव्हा तिनंच सांगितलंय.

आरोप असा, की सिमोननं बंडखोरांबरोबर डोंगरात दबा धरून शिपायांना गोळ्या घातल्या. आता सिमोनच्या उजव्या हाताची बोटं साखर कारखान्यानं कधीच खाल्लेली, डावा हात जन्माचा अधू. वकिलानं दोन्ही हात न्यायाधीशबाईंपुढे धरले, तेव्हा सरकारी वकील खिडकीबाहेर बघायला लागला. सोमवारी निकाल होता. लुमिंगनं कोळसा आणून ठेवला.

शुक्रवारी तुरुंगात माफीवाले साहेब आले. म्हणाले, जुन्या बंडखोरांनी अर्ज करा, त्याचा विचार होईपर्यंत खटला थांबेल.

"थांबला म्हणजे सुटलोच की, नोंग," सिमोन मला म्हणाला. आमच्याकडे थोरल्याला नोंग म्हणतात, धाकट्याला तोतो.

"जीप वाटेत बंद पडली म्हणजे घर आलं का, तोतो? सोमवारपर्यंत गप बस."

"आणि सोमवारी बाईंनी जन्मठेप ठोकली तर? तुम्हाला काय, तुम्ही म्हातारे. इथे सरकार आपण होऊन माफी देतंय."

"पण तू बंडखोर होतास कधी?"

"माफीपुरता झालो."

अर्जात शपथेवर त्यानं अशी लढाई सांगितली, की बराकीतले खरे बंडखोर तोंड दाबून हसले.

सोमवारी बाईंनी निकालाचे कागद हातात घेतले आणि पुन्हा मिटले. "अर्ज केलायस म्हणे. त्याचं काय ते ठरेपर्यंत मला हे वाचता येणार नाही."

"मग मी घरी जाऊ, बाई?"

"घरी कसा? खुनाचा आरोप आहे, जामीन नाही. खटला थांबलाय, संपला नाही."

अर्ज राजधानीत गेला आणि तिथेच मुरला. बाई निवृत्त झाल्या. डुक्कर दारातून जाईना म्हणून लुमिंगनं घराची भिंत काढली. मग एकदाचं उत्तर आलं: अर्जदार बंडखोर होता असं दिसत नाही, या हातांनी बंदूक चालवणं अशक्य, सबब माफी नाही.

खटला पुन्हा सुरू झाला, नव्या न्यायाधीशापुढे. सरकारी वकील तोच. या खेपेला तो खिडकीबाहेर बघत नव्हता, सिमोनचा शपथेवरचा कबुलीजबाब वाचत होता.

त्या रविवारी लुमिंग डोक्यावर पातेलं घेऊन भेटीला आली.

"हे काय?" सिमोननं विचारलं.

"डुक्कर. म्हातारं झालं होतं. आज ना उद्या मेलंच असतं."

"माझ्याशिवाय कापलंस?"

"तुझ्याशिवायच वाढवलं होतं."

मांस चपलेसारखं चिवट झालं होतं. आम्ही सगळ्यांनी ते चावून चावून खाल्लं. सिमोननं एक तुकडा उचलला, बराच वेळ धरून ठेवला आणि माझ्या ताटात टाकला.